गाळ साचतोय की जमीन वर येतेय? खाडीतल्या उंची-मापन केंद्राबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या कांदळवनात विद्यार्थ्यांना घेऊन जमिनीची उंची मोजणारी दोन केंद्रं बसवायची आहेत. समुद्र चढतोय त्या वेगानं कांदळवनाची जमीनही वर येते का, हे वर्षभरात सांगता यावं अशी अपेक्षा आहे. विभागाकडे आरटीके जीपीएस (जागच्या जागी सेंटीमीटरपर्यंत स्थान सांगणारं सर्व्हेचं जीपीएस) आहेच, मग चिखलात खोल सळया ठोकायची गरज काय? खर्च आवाक्यात कसा ठेवायचा? आणि हेच काम कृष्णाकाठच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, करता येईल का?

मी कराडचा. सर्व्हेची कामं करतो आणि गेली चौदा वर्षं कुंभार्ली घाट उतरून कोकणातल्या खाड्यांमध्ये हीच मापं घ्यायला जातो. त्या अनुभवावरून सांगतो. बऱ्याच गोष्टी तुमची खाडी कशी आहे यावर अवलंबून आहेत, ते त्या त्या ठिकाणी सांगेनच.

आधी मूळ अडचण. तुम्ही सांगलीचे, म्हणून आयर्विन पुलाचंच उदाहरण घेतो. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण हे फूट कुठून मोजलेले? पुलाजवळच्या मोजपट्टीच्या शून्यापासून. तो शून्य हलत नाही म्हणून २००५ च्या आणि २०१९ च्या पुराची तुलना करता येते. पट्टीच दर वर्षी दोन इंच खचत असती, तर आकडे लिहून काही उपयोग नव्हता. खाडीच्या चिखलात नेमकी हीच पंचाईत होते. तिथं सगळंच हलतं. वरून गाळ येतो, आतला गाळ दबतो, मुळं वाढून जमीन फुगते, मुळं कुजली की बसते, भरतीचं पाणी मुरलं की पुन्हा थोडी फुगते. अशा जागी न हलणारा शून्य तयार करणं हे खरं काम आहे. बाकीचं नुसतं वाचन.

आता आरटीके. चांगल्या आकाशाखाली त्याची उभी अचूकता दोन-तीन सेंटीमीटर धरा. तिवरांच्या दाट छपराखाली तेवढीही मिळत नाही. आणि तुम्हाला पकडायचा बदल आहे वर्षाला काही मिलिमीटर. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालात जगाच्या समुद्रपातळीचा २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिमी दिला आहे. जमीन समजा ३ मिमीनं वर येत असेल, तर आरटीकेच्या चुकीतून तो आकडा बाहेर डोकवायलाच दहा वर्षं लागतील. तेव्हा आरटीके टाकून देऊ नका, पण त्याचं काम वेगळं आहे. केंद्राची जागा नोंदवायची, आजूबाजूच्या जमिनीचा उतार काढायचा, आणि जीपीएस तासन् तास एका जागी ठेवून घेतलेल्या निरीक्षणांनी केंद्राचा माथा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेशी, जोडायचा. मिलिमीटरचं काम सळईचं.

ही सळईची पद्धत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले डोनाल्ड काहून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या रूपात २००२ साली मांडली. आम्ही तिला नुसतं 'रॉड सेट' म्हणतो, 'सेट' म्हणजे सरफेस एलिव्हेशन टेबल. सुमारे १५ मिमी जाडीच्या, चार-चार फुटांच्या स्टेनलेस सळया एकीला एक आट्यांनी जोडत चिखलात खाली ढकलायच्या. सुरुवातीचे काही मीटर हातानं जातात, मग सरकत्या हातोड्यानं, शेवटी ब्रेकर (यंत्राचा हातोडा) लावून. एका मिनिटात फूटभरही उतरेना झाली की मी थांबतो. हे किती खोलीवर होईल ते आधी सांगता येत नाही. कोकणच्या खाड्यांमध्ये खाली जांभा किंवा काळा दगड कुठं आहे त्यावर ते ठरतं. एकाच खाडीत काठाजवळ आणि पन्नास पावलं आत मला कमालीचा फरक मिळाला आहे. अंदाजापेक्षा दीडपट सळया होडीत असू द्या. मध्येच संपल्या तर तो दिवस गेलाच, शिवाय अर्धी ठोकलेली सळई मागं सोडून यावी लागते.

सळईच्या माथ्यावर एक खाचांचा तुकडा बसतो, भोवती पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि सिमेंटची कॉलर. मोजायच्या दिवशी त्यावर एक आडवा हात बसवायचा, बबल पाहून समतल करायचा, आणि हातातल्या नऊ पिना अलगद जमिनीला टेकवायच्या. प्रत्येक पिन हाताच्या वर किती उरली ते मिमीमध्ये लिहायचं. हात आठ दिशांना फिरू शकतो. आपण त्यातल्या चार निवडतो आणि कायम त्याच ठेवतो. नऊ चोक छत्तीस वाचनं. जमीन वर आली की पिना वर सरकतात. हात एकच लागतो, तो सगळ्या केंद्रांवर फिरवता येतो. म्हणून खर्चाचा विचार करताना हात एकदाच धरा, सळया मात्र प्रत्येक केंद्रागणिक.

ही सळई नेमकं काय मोजते हे विद्यार्थ्यांना समजावताना मी बोअरचं उदाहरण देतो. आपल्याकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तेच रान पाणी पिऊन फुगतं. कुंपणाचा उथळ गाडलेला खांब मातीबरोबर वर-खाली होतो. बोअरची केसिंग मात्र दगडात बसलेली असते, ती जागची हलत नाही. उन्हाळ्यात केसिंगभोवतीची माती खाली बसलेली दिसते, ती केसिंग वर आली म्हणून नव्हे. आपली सळई म्हणजे ती केसिंग. तिच्या तळापासून वरच्या पृष्ठभागापर्यंतच्या थरात जे काही घडलं, त्याची गोळाबेरीज पिना सांगतात. सळईच्या तळाखाली काही खचत असेल तर ते तिला कळत नाही. त्यासाठी माथ्याची बेंचमार्कशी पुन्हा पुन्हा जोडणी लागते. मुंबईत अपोलो बंदराला १८७८ पासून भरतीमापनाची नोंद आहे. अशा नोंदींशी आपले आकडे जुळवायचे असतील तर दोन्हींचा संदर्भ एक असावा लागतो. हे काम दोन-तीन वर्षांतून एकदा केलं तरी चालतं, पण अजिबात सोडू नका.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी सळईसोबत दुसरं एक साधन लागतंच. केंद्राशेजारी पण पिनांच्या कक्षेबाहेर, ५० सेंमी चौरसाचे तीन तुकडे आखायचे आणि त्यांवर फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी साधारण एक सेंटीमीटर जाडीनं पसरायची. एका तुकड्याला तीन-चार किलो लागते. ओली झाली की ती घट्ट बसते आणि पांढरीच राहते. पुढं त्यावर किती गाळ चढला ते चिखलाचा लहान गाभा, म्हणजे थर दिसतील असा उभा नमुना, काढून मोजायचं. सिरॅमिकचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ही भुकटी मिळते. रांगोळी वापरली तर चालेल का, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. नको. रांगोळी अनेकदा संगमरवर किंवा डोलोमाइटची असते, आणि कुजत्या, आम्ल चिखलात चुन्याच्या जातीचा दगड विरघळत जातो.

आता ही दोन मापं शेजारी ठेवा. समजा पांढऱ्या थरावर वर्षाला ६ मिमी गाळ चढला, पण पिना फक्त २ मिमी वर सरकल्या. म्हणजे मधले ४ मिमी थराखालच्या मातीनं दबून खाऊन टाकले. नुसता गाळ मोजणारा माणूस म्हणेल की कांदळवन समुद्राच्या पुढं आहे. प्रत्यक्षात ते मागं पडतंय. उलटही घडतं, गाळ फारसा नसताना मुळांच्या वाढीनंच जमीन वर येते. झाडं मेली तर काय होतं, याचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण होंडुरासच्या बेटांवरचं आहे. १९९८ च्या मिच चक्रीवादळात तिथलं कांदळवन मेलं आणि मुळं कुजून जमीन वर्षाला सुमारे ११ मिमीनं बसत गेली. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरच्या अशाच केंद्रांची मापं एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास आला, त्यात ६९ टक्के ठिकाणी समुद्र जमिनीपेक्षा वेगानं चढत होता. आपल्या खाड्यांचं काय, हे आपल्याच सळया सांगतील. म्हणून तुमच्यासारखं कुणी विचारलं की मला मनापासून बरं वाटतं.

जागेबद्दल. दोन केंद्रं कमी पडतील. खाडीकाठी एक, मध्ये एक आणि मागं खाजणाच्या बांधाजवळ एक अशी तीन केली तर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकेकदाच मोजल्यासारखं होतं. त्यापेक्षा एकाच पट्ट्यात, म्हणजे एकाच जातीच्या झाडांत आणि साधारण एकाच उंचीवर, तीन केंद्रं करा. छत्तीस पिना म्हणजे छत्तीस नमुने नव्हेत. आधी नऊ पिनांची सरासरी, मग चार दिशांची, मग ते एक केंद्र. आकडेमोडीत केंद्र हाच एक नमुना धरायचा.

खाडी कोणती निवडता त्यानं गाळाचा आणि पाण्याचा हिशोब बदलतो. मी बराच काळ वाशिष्ठीच्या बाजूला काम केलं. तिथं आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडून वाशिष्ठीत उतरतं, म्हणून इतर नद्या आटतात तेव्हाही तिला गोडं पाणी असतं. शेजारच्या लहान खाडीचे आकडे तिच्याशी ताडताना हे विसरून चालत नाही. तुमच्या खाडीवर वर कुठं धरण, बंधारा, वाळूउपसा आहे का, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

परवानगीशिवाय एक सळईही ठोकू नका. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर आणि तिथल्या बांधकामावर बंदी घातली, आणि किनारा नियमन अधिसूचनेतही कांदळवनं सर्वांत संरक्षित गटात आहेत. वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा. काय, किती खोल, किती सिमेंट, केव्हा काढणार, हे सगळं आराखड्यासह द्या. जमीन खाजगी असेल तर मालकाचं लेखी पत्र. मग गावात जाऊन बसा. कालवं आणि तिसऱ्या हे शिंपले काढायला बायका कुठून जातात ते त्यांनाच विचारा आणि त्या वाटेपासून दूर राहा. माझं एकही केंद्र कुणी मुद्दाम मोडलेलं नाही, आणि त्याचं श्रेय मी कुंपणाला नाही, त्या बसण्याला देतो.

चिखल तुडवला की माप गेलं. केंद्राच्या एका बाजूनंच यायचं, दोन्हीकडं टेकू देऊन फळी टाकायची, तिच्यावर बसून वाचन घ्यायचं. पिना जिथं टेकतात तिथं बसवण्याच्या दिवसापासून कुणाचाही पाय पडता कामा नये. बसवताना हे सर्वांत जास्त मोडलं जातं, कारण तेव्हा दहा माणसं असतात आणि ब्रेकर चालू असतो. परांची आधी बांधा, सळई होडीतून नंतर काढा. बसवल्यावर लगेच पहिलं वाचन घेऊ नका. निदान महिना-दीड महिना जमिनीला स्थिर होऊ द्या.

स्टेनलेसबद्दल मला किंमत मोजून कळलेली गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका वर्कशॉपला ३१६ ग्रेडच्या सळया सांगितल्या, बिलावरही तसंच आलं. दोन पावसाळ्यांत आट्यांपाशी गंजाचे ठिपके आले, कारण माल हलका होता. चुंबक लावून बघितलं होतं, पण चुंबक इथं उपयोगाचं नाही. २०२ ग्रेडही चुंबकाला जवळपास चिकटत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ती खाऱ्या पाण्यात टिकते. त्याची थेंब टाकून करायची चाचणी मिळते, ती प्रत्येक सळईवर करा. आट्या पाडायला कुपवाडच्या एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत. माल मात्र तुम्ही तपासून द्या. जोडताना आट्यांना थ्रेड लॉकर (आट्या घट्ट धरणारा चिकट द्रव) लावा, नाहीतर ठोकताना सांधा ढिला होतो आणि वरून ते कळतही नाही.

चिखलाचा गाभा गोठवून काढायचा असेल तर द्रव नायट्रोजन लागतो. तुमच्याकडं ते सोपं आहे. दूध संघांकडे आणि कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे त्याचे कॅन असतात, कुठून भरून मिळतो ते तेच सांगतील. घाटातून नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. बंद गाडीत तो वायू हवेतला प्राणवायू हटवतो आणि माणसाला कळायच्या आत गुदमरवतो. विद्यार्थी ज्या गाडीत आहेत त्या गाडीत कॅन ठेवू नका. चिखल घट्ट असेल तर नायट्रोजन लागतच नाही, लांब सुरीनं लहान ठोकळा कापून निघतो.

वाचन केव्हा घ्यायचं? खाडीवरचे लोक तिथीनं बोलतात, तुम्हीही तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी फारसं चढत नाही, दुपारी ओहोटी असते, आणि कांदळवनाची आतली जमीन बराच वेळ उघडी राहते. मी भांगालाच जातो. पण खरी अट ही की दर वेळी भरती-ओहोटीची तीच अवस्था असावी, कारण पाणी मुरलेली जमीन काही मिलिमीटर फुगलेली असते. महिनेही तेच ठेवा. माझे फेब्रुवारी, मे आणि नोव्हेंबर ठरलेले आहेत. पावसाळ्यात मी आत जात नाही.

पिन कुठं टेकली म्हणायची, यावर मात्र वेळ घालवा. खेकड्याच्या बिळात पिन गेली तर तिथून सरकवायची नाही. जे वाचन येईल ते लिहून शेजारी 'बीळ' अशी खूण करायची, आकडेमोडीत ती पिन वगळायची. श्वासमुळावर टेकली तर तसंच. वाळलेलं पान असेल तर ते हलकेच बाजूला, पण शेवाळाचा चिकटलेला थर खरवडायचा नाही. हे नियम लिहून ठेवावे लागतात. एका ठिकाणी आमचा वाचन घेणारा बदलला आणि जमीन एकदम ४ मिमी वर आली. दोन वाचनं तशी गेल्यावर जुन्या माणसाला परत नेलं, तेव्हा उलगडलं की नवा माणूस पिन पानांच्या थरावरच थांबवत होता. ती दोन वाचनं आम्ही टाकून दिली. तेव्हापासून माणूस बदलायचा असेल तर एका दिवशी दोघांनी तीच केंद्रं वाचायची, हा आमचा नियम आहे. तुमच्याकडं विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतात, म्हणून वाचन तुम्ही स्वतः घ्या आणि लिहून घ्यायला विद्यार्थी ठेवा. बाजूच्या एखाद्या सहकाऱ्यालाही आत्तापासून तयार करा.

वर्षभरात उत्तर मिळेल का? नाही. वर्षभरात पावसाआधी आणि पावसानंतर जमीन किती वर-खाली होते ते कळेल, आणि पांढऱ्या थरावर एका पावसाळ्यात किती गाळ आला ते. तेवढ्यावर विद्यार्थ्यांचा एक चांगला प्रकल्प नक्की होतो. पण कल सांगायला मला तीन वर्षंही अपुरी वाटतात, पाच हवीत. म्हणून खर्चाचा मोठा भाग सळयांवर नव्हे, घाट उतरण्या-चढण्यावर जातो. निधी मागताना पाच वर्षांचा प्रवास आधी मांडा, मग उरलेल्या रकमेत किती सळया बसतात ते बघा.

राहिला कृष्णाकाठ. मळीत ही पद्धत मी वापरणार नाही. पुराच्या एका फेऱ्यात तिथं गाळाचा जाड थर चढू शकतो किंवा काठच तुटू शकतो. तो बदल मिलिमीटरचा नसतोच. तिथं फेल्डस्पारचे तुकडे, पुराआधी-पुरानंतरचं लेव्हलिंग आणि तुमचं आरटीके पुरेसं आहे. मात्र सराव सांगलीतच करा. कॉलेजच्या आवारात काळी माती असेल तर एक सळई दगडापर्यंत उतरवा, हात बसवा, आणि एप्रिलमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा वाचा. माती फुगते म्हणजे काय ते विद्यार्थी वर्गात शिकवल्यापेक्षा तिथं लवकर शिकतील. त्याच सळईवर दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता छत्तीस पिना वाचायच्या. पहिल्या दिवशी दोघांत मोठा फरक येईल, तो यायचाच. दोघांच्या सरासरीतला फरक एक-दीड मिलिमीटरच्या आत येऊ लागला, आणि तोवर कांदळवन कक्षाचं पत्रही हातात आलं असेल, तर नोव्हेंबरातल्या भांगाची तिथी बघून घाट उतरा.